बिरप्पाच्या सायकलचा मागचा दिवा

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

काल बिरप्पाचे, माझ्या धाकट्या भावाचे, तेरावे झाले. आज कॉलेजात पुन्हा हजर झालो. प्रयोगशाळेच्या कपाटात मुलांच्या उरलेल्या जर्नल वह्या असतात, त्यातली एक घेतली आहे. मला रोजनिशीची सवय नाही. प्रयोगाच्या नोंदी ठेवायची सवय मात्र तेवीस वर्षांची आहे. तशाच नोंदी ठेवीन.

उद्देश: बिरप्पाच्या सायकलसाठी टिकाऊ मागचा दिवा निवडणे.

कारण असे. बिरप्पाची मुलगी पूनम हिला सोलापुरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळाले आहे. सहा जानेवारीपासून, सकाळी सातला. म्हणजे वळसंगच्या अलीकडे आमची वस्ती आहे तिथून पावणेसहाला अंधारात निघायचे, फाट्यापर्यंत चार किलोमीटर सायकल, राजाबाईच्या चहाच्या टपरीमागे सायकल लावायची आणि पुढे एसटी. तिचा बाप टॉवेलच्या कारखान्यात जाताना हेच करायचा. तीन तारखेला संध्याकाळी फाट्यावरून घरी येताना रस्त्याखालच्या मोरीजवळ त्याला मागून कोणत्या तरी वाहनाने उडवले. वाहन सापडले नाही.

पंचनाम्यात ओळ आहे, 'सायकलला मागील दिवा नव्हता.' हवालदार ती लिहीत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो.

पूनमचे काम सुरू होईपर्यंत मी सोलापुरातली खोली बंद ठेवून वस्तीवर राहणार आहे. रोज तीच सायकल घेऊन फाट्यापर्यंत जाईन आणि येईन. दिवा तपासायचा तर त्याच रस्त्यावर तपासला पाहिजे.

१७ डिसेंबर, मंगळवार

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत मल्लेशचे सायकलचे दुकान आहे. पोलिसांनी सायकल सोडल्यावर मागचे चाक त्यानेच नवे घातले. आज त्याने काउंटरवर दोन दिवे मांडले.

"हे चार्जिंगवालं सर, हे सेलवालं. डायनामोवालं पाहिजे तर मागवावं लागतंय. आता कोण घेत नाही ते."

"यातला टिकेल कोणता?"

"टिकायचं काय ओ सर, जपून वापरलं की समदं टिकतंय." मग सायकल कोणाची ते त्याच्या लक्षात आले. तो पाना पुसत बसला.

दोन्ही घेतले. चार्जिंगचा दिवा प्रयोगशाळेत तासभर पाण्यात बुडवला, नंतर ओव्हनमध्ये पंचावन्न अंशांवर दोन तास ठेवला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टपरीमागे दिवसभर उभ्या सायकलला एवढे सोसावेच लागते. दिवा चालला. पण सीटच्या नळीला बांधायचा रबरी पट्टा मऊ पडला. दिव्याच्या आधी पट्टा तुटणार.

१८ डिसेंबर, बुधवार

एक अडचण मी आधी धरली नव्हती. सायकल चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही. तो लागला की विझला हे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मी वळून पाहत नाही.

याला कारण आहे. आम्ही धनगर. लहानपणी मेंढरे घेऊन पहाटे अंधारातच निघायचो. वडील आणि मी पुढे, बिरप्पा सगळ्यांच्या मागे. वडिलांचा नियम होता, पुढच्याने मागे पाहायचे नाही. पुढचा वळला की मेंढरे थांबतात. मागच्याने शीळ घालत राहायचे, म्हणजे पुढच्याला समजते की मागे सगळे ठीक आहे. बिरप्पा सहा वर्षांचा होता तेव्हापासून मागे. मला शीळ कधीच घालता आली नाही, म्हणून मी पुढे. चार तारखेला त्याला पेटवून निघालो तेव्हाही जाणते लोक तेच म्हणाले, आता मागे पाहायचे नाही.

म्हणून राजाबाईला सांगितले आहे. फाट्यापासून मोरीपर्यंत दीड किलोमीटर रस्ता सरळ आहे. संध्याकाळी साडेसहाला मी निघालो की तिने टपरीतून पाहायचे, दिवा कुठपर्यंत दिसतो.

"मास्तर, ह्येचा पगार देनार का?" म्हणाली. मी कॉलेजात नुसता साहाय्यक आहे, पण ती मला मास्तरच म्हणते.

१९ डिसेंबर, गुरुवार

राजाबाईने सकाळी चहा देता देता अहवाल दिला. दिवा मोरीपर्यंत स्वच्छ दिसला. निकाल चांगला.

मग म्हणाली, "पर मास्तर, मागनं कोन व्हतं?"

"कोणी नव्हते."

"व्हतं की. मोरीच्या अलीकडं तुमचा दिवा, आन् त्येच्या मागं लई लांब आनिक एक. बारका. लाल."

मी म्हणालो, एखादा सायकलवाला असेल.

"आसंल. पर हितनं तुमच्या मागनं कुनीबी गेलं न्हाय. मी काय आंधळी हाय व्हय?"

मधे एखादी पायवाट असेल. नोंद केली.

वस्तीवरचा कुत्रा कोणालाही सोडत नाही, दहा दिवस माझ्यावरही भुंकत होता. काल मी आलो तेव्हा भुंकला नाही. शेपूट हलवत माझ्या बाजूने पुढे रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे बसला. आता त्याला माझी सवय झाली.

२१ डिसेंबर, शनिवार

केराबाई, म्हणजे बिरप्पाची बायको, सायकलजवळ आली. ती माझ्याशी मोजकेच बोलते. सीटखालचा दिवा बघितला आणि म्हणाली, "भावजी, मागं क्यारेजवर वैरनीचा भारा ठिवला की ह्यो दिवा कुनाला दिसंल?"

खरे आहे. आमच्याकडे कॅरेज रिकामे नसतेच. कडबा, पिशवी, डबा, कधी कोकरू. सीटच्या नळीवरचा दिवा शहरातल्या रिकाम्या सायकलींसाठी आहे. चार दिवस मी पाण्याने आणि उष्णतेने दिवा तपासत होतो, आणि हे माझ्या डोक्यात आले नाही. तो दिवा रद्द.

पूनम ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "आप्पा, एवढं काय शोधताव? कुठलाबी लावा. पप्पांनी कुठलाबी एक लावला असता तर आज घरात असते. आई सांगून सांगून थकली. त्यांना स्वतःची फिकीर नव्हती, आमची तरी कुठं होती?"

केराबाई तिथेच उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायलो आणि गोठ्याकडे गेलो.

२२ डिसेंबर, रविवार

ही वही कोणी वाचणार नाही. म्हणून लिहितो.

सायकलला दिवा होता. बिरप्पाने स्वतः बाजारातून आणलेला, पत्र्याचा, गोल, लाल काचेची एक कड उडालेली. त्यातला जोड सैल होता. खड्डा आला की विझायचा, चाकाचे दोन-तीन फेरे झाले की आपोआप लागायचा. सतरा नोव्हेंबरला मी वस्तीवर आलो होतो तेव्हा मी तो बघितला आणि म्हणालो, असला दिवा काय कामाचा. मी स्क्रू काढून तो सोलापूरला नेला. पुढच्या रविवारी चांगला आणतो म्हणालो.

पुढच्या रविवारी गेलो नाही. कोणता टिकेल हे ठरत नव्हते. मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत होतो. एकाचा पट्टा तुटतो, एकात पाणी जाते, एकाचे चार्जिंग टिकत नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही ठरले नाही. मंगळवारी तो गेला.

लुकलुकणारा दिवा लुकलुकत का होईना, दिसतो.

तो अजून प्रयोगशाळेत माझ्या खणात आहे. पंचनाम्याच्या वेळी हवालदारांनी विचारले, लाईट नव्हती का हो मागं? गर्दीतून कोणीतरी म्हणाले, बिरप्पाला कशाची फिकीर. मी बोलायला तोंड उघडले होते. मग मिटले.

२४ डिसेंबर, मंगळवार

सेलवाला दिवा कॅरेजच्या मागच्या पट्टीला दोन बोल्टने घट्ट केला. भारा ठेवला तरी झाकत नाही. काल संध्याकाळी पहिली फेरी.

राजाबाई: "तुमचा झाक दिसतोय. मागचाबी."

मी विचारले, किती मागे?

"लाईटीच्या खांबानं सांगू का? त्या दिशी दहा-बारा खांब आसंल. काल दोन." तिने गाळणीतला चोथा झटकला. "आन् मास्तर, त्येला सांगा की जरा दिवा नीट कर म्हनून. खड्ड्यात विजतोय, पुन्यांदा लागतोय. कुनीतरी उडवंल त्येला."

नव्या दिव्याचा प्रकाश कॅरेजच्या पट्टीवरून परावर्तित होत असेल. मडगार्डवर जुना काचेचा लाल खडा आहे, तोही कारण असू शकतो. आज तो खडा काढून टाकला.

कुत्रा आजही रस्त्यावर जाऊन बसला. जेवायला हाक मारली तरी लवकर आला नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

खडा काढल्यावरही राजाबाईला दोन दिवे दिसले. अंतर एक खांब.

दुपारी खण उघडला. जुना दिवा जागेवर होता. नेला तेव्हाच मी त्यातले सेल काढले होते आणि स्पिरिटने काच पुसली होती, हे मला पक्के आठवते. आज काचेवर धूळ होती. खण बंद असतो, पण धूळ कुठूनही जाते. बोटाने पुसली तर ओलसर लागली. मोरीजवळ पांढरी चोपणमाती आहे, तशी. खिडकी उघडी राहिली असावी.

पुन्हा स्पिरिटने पुसून ठेवला. खणाला कुलूप लावले.

मल्लेशकडे जाऊन डायनामोची मागणी दिली. सेलवाल्या दिव्यात सेल संपले की संपले, आणि पूनम कधीतरी विसरणारच. डायनामोला चाक फिरले की पुरे. मल्लेश म्हणाला, "सर, लोकं पोरीला नवरा बघाया एवढं फिरत नाहीत ओ!" त्याला हसायचे होते. मीही हसलो असेन.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी राजाबाईने चहा दिला, पण अहवाल दिला नाही. मी विचारले.

"म्या आता बगनार न्हाय."

"का?"

"न्हाय बगनार म्हनलं की न्हाय." मग बाकड्यावर माझ्यासमोर बसली. ती अशी कधी बसत नाही. "मास्तर, काल तुमी निगालाव तवा एकच दिवा व्हता. माजा जीव भांड्यात पडला. म्हनलं, गेला त्यो. मग मोरीवर तुमी खड्ड्यात आदळलाव. तुमचा दिवा जळतच व्हता. आन् त्येच्यातनंच एक विजला. पुन्यांदा लागला. म्हंजी दोन व्हते. एकाला एक चिकटून."

मी कप खाली ठेवला.

"बिरप्पा पंधरा वर्सं हितं च्या प्यायला. जाताना पार मोरीपातुर शीळ घालत जायचा. मला न्हाय बगायचं, मास्तर."

हे तिच्या नजरेचे असावे. वय झाले आहे. पण अंतर मी क्रमाने लिहून पाहिले. दहा-बारा खांब, दोन, एक, शून्य. निरीक्षणे एका दिशेने जात असतील तर ती चूक म्हणून टाकून देता येत नाहीत, हे मी मुलांना तेवीस वर्षे सांगत आलो आहे.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावास्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. यंदा आमच्या घरात सण नाही. सुट्टी न काढता कॉलेजात गेलो. दुपारी मल्लेशने डायनामो बसवून दिला. त्यासाठी सायकल एसटीच्या टपावर टाकून नेली होती. या दिव्यात एक सोय आहे. सायकल थांबली तरी साठवलेल्या विजेवर तो थोडा वेळ जळत राहतो. दुकानात मोजले, चार मिनिटे दहा सेकंद. मोरीवर कोणी थांबले, तरी मागून येणाऱ्याला दिसेल.

फाट्यावर सायकल उतरवली तेव्हा अंधार झाला होता. राजाबाईची टपरी बंद होती. सगळे शेतात. दोन्ही बाजूंना लांब लांब लोक पेटत्या पेंढ्या घेऊन पिकाभोवती पळत होते. लहान मुलांचे ओरडणे ऐकू येत होते. रस्त्यावर कोणी नव्हते.

डायनामो चाकाला टेकवला आणि निघालो. मोरीपर्यंत ठीक. मोरीवर वेग कमी केला आणि सायकल मागे एकदम दबली. जसे कोणी कॅरेजवर बसल्यावर दबते तशी. मागचे टायर बसले असे वाटले. पण चाक रस्त्याला घासत नव्हते. नुसते जड झाले होते. डायनामोमुळे जड होते हे माहीत आहे, म्हणून हात मागे नेऊन, मान न वळवता, तो चाकावरून उचलला. घरघर थांबली. सायकल तेवढीच जड.

मी पायडल मारत राहिलो. हँडल हलत होते. बिरप्पा लहान असताना मी त्याला डबलसीट शाळेत न्यायचो, तेव्हा तो मागे पाय हलवायचा आणि हँडल असेच हलायचे.

मग लक्षात आले की रस्त्याकडेचे गवत दोन्ही बाजूंनी तांबूस दिसते आहे. डायनामो उचललेला होता. साठवलेल्या विजेचा असेल म्हणून मी मनात सेकंद मोजू लागलो. दोनशे पन्नासपर्यंत मोजले. तीनशे झाले. चारशे झाले. खड्डा आला. गवत काळे झाले. चाकाचे तीन फेरे. गवत पुन्हा तांबूस.

मी वळून पाहिले नाही. मोठ्याने म्हणालो, "सांगतो. आज सांगतो."

वजन वस्तीपर्यंत तसेच राहिले. कुत्रा रस्त्यातच उभा होता. मी सायकल उभी केली तेव्हा तो कॅरेजपाशी गेला आणि मान वर करून उभा राहिला, जशी कोणी पाठीवरून हात फिरवावा म्हणून कुत्री उभी राहतात.

दिवा आपोआप विझला. उरलेले उद्या लिहितो.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल घरात गेलो तेव्हा केराबाई भाकरी टाकत होती, पूनम ताटे घेत होती. मी उभ्यानेच सांगितले. दिवा होता, मी काढून नेला, दोन रविवार आलो नाही, पंचनाम्यात गप्प बसलो. चार वाक्ये झाली. महिनाभर मला वाटत होते, सांगायला खूप वेळ लागेल.

केराबाईने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "मला ठावं हाय."

मला समजले नाही.

"त्येनीच सांगितलं व्हतं मला. म्हनले, आण्णानं दिवा नेलाय, चांगला आननार हाय. म्या म्हनलं, तवर अंधारात कसं येताव? तर हसले. म्हनले, आण्णाला कुटला पसंत पडायचा तवा पडंल, तवर मी शीळ घालत येतो की. गाडीवाल्याला ऐकू जाईल."

आण्णा म्हणजे मी. गाडीवाल्याला शीळ ऐकू जात नाही. हे त्याला समजत नव्हते असे नाही. माझी बाजू राखायला तो तसे बोलला असावा.

मी विचारले, "मग तुम्ही महिनाभर बोलला का नाही?"

"तुमच्या तोंडचं तुमीच बोलाया पायजे व्हतं, भावजी. म्या बोलले आसते तर ती चाडी झाली आसती. म्या रोज वाट बगत व्हते. तुमी रोज दिवाच बगत व्हताव."

पूनम ताट हातात धरून उभी होती. तिने ते खाली ठेवले. "आई, तुला माहीत होतं? आणि मी रोज पप्पांना बोलत होते, ते तू ऐकून घेतलंस?" केराबाईने मान खाली घातली. मग पूनम माझ्याकडे वळली. "मी महिनाभर मेलेल्या बापाला शिव्या घातल्या, आप्पा. तुमच्या समोर. तुम्ही पाणी पीत होताव."

ती बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. जाण्यासारखे तोंड नव्हते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

काल पोलीस ठाण्यात गेलो. ज्यांनी पंचनामा केला तेच हवालदार होते. म्हणाले, यानं आता काय फरक पडतोय मास्तर? मी म्हणालो, फरक पडो न पडो, लिहून घ्या. 'मृताच्या सायकलला दिवा होता, तो त्याच्या थोरल्या भावाने काढून नेला होता.' त्यांनी लिहून घेतले. मी सही केली. नक्कल मागितली, ती मिळाली. घरी येऊन पूनमसमोर ठेवली. तिने वाचली आणि घडी करून बापाच्या फोटोमागे ठेवली. माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी सायकल हलकी होती. राजाबाईला पाहायला सांगितले नव्हते, पण तिने पाहिले होते. "एकच व्हता," एवढेच म्हणाली.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. फाट्यापासून वस्तीपर्यंत एकटाच आलो. मागे कोणी नाही हे न पाहताही समजत होते.

३ जानेवारी, शुक्रवार

आज तो गेल्याला एक महिना झाला. दुपारी खणातून जुना दिवा काढला. काच स्वच्छ होती, मी पुसली होती तशीच. मागचे झाकण उघडले. आत पितळी पट्टी वाकलेली होती आणि एक तार सुटत आली होती. पट्टी पक्कडीने सरळ केली, तारेला कथलाचा डाग दिला. सेल घालून टेबलावर आपटून पाहिला. वीस वेळा आपटला. एकदाही विझला नाही.

दहा मिनिटांचे काम होते. घड्याळ बघून लिहितो, दहासुद्धा नाही.

सेल काढले. दिवा घरी आणून बिरप्पाच्या फोटोखाली ठेवला. केराबाईने त्याला हळदीकुंकू लावले.

५ जानेवारी, रविवार

निष्कर्ष: डायनामोचा दिवा, पत्र्याच्या कवचाचा, कॅरेजच्या पट्टीला बोल्टने बसवलेला. पट्टा नाही, सेल नाही, चार्जिंग नाही. वैरणीचा भारा झाकत नाही. काच फुटली तर बदलता येते. वायर मडगार्डच्या आतून नेली आहे, म्हणजे शेळ्या चघळणार नाहीत. दर तीन महिन्यांनी बोल्ट आवळणे. यापेक्षा चांगला असेलही. आता शोधणार नाही.

संध्याकाळी पूनम सायकलजवळ आली. सहा दिवसांनी बोलली.

"आप्पा, दिवा बसला का?"

"बसला."

तिने चाक हाताने फिरवून पाहिले. दिवा लागला. तिच्या तोंडावर लाल उजेड पडला. "चालवताना तो चालू आहे का ते मला कसं कळणार? सारखं मागं बघायचं का?"

"मागे बघायचे नाही," मी म्हणालो. मग तिला आजोबांचा नियम सांगितला. पुढचा, मागचा, शीळ. हे तिला बापाने कधी सांगितले नव्हते. ऐकून म्हणाली, "मग उद्या मागं कोण हाय?"

"मी उभा राहीन. दिसेपर्यंत."

"तुम्हाला शीळ येत नाही," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली.

६ जानेवारी, सोमवार

पूनम पावणेसहाला निघाली. थंडी होती, धुके नव्हते. केराबाईने डबा कॅरेजला बांधला आणि आत गेली. मी वस्तीच्या टोकाला रस्त्यावर उभा राहिलो. कुत्रा शेजारी होता.

वस्तीकडून मोरी लांब आहे, पण रस्ता उताराचा असल्याने दिसतो. तिचा दिवा स्वच्छ दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सायकलचा दिवा मी मागून बघत होतो. सरळ, एकसारखा, तिच्या वेगाप्रमाणे थोडा कमी-जास्त.

कुत्र्याने कान टवकारले. मग तो उठून शेपूट हलवू लागला.

माझ्या आणि तिच्या मधे दुसरा दिवा होता. तो कधी लागला हे मी पाहिले नाही. बारका, मंद, तांबडा. साधारण दोन खांबांचे अंतर राखून तिच्या मागे चालला होता. तो जवळ जात नव्हता आणि मागेही पडत नव्हता. मेंढरांच्या मागून चालणारा जेवढे अंतर ठेवतो तेवढे. वारा नव्हता. उतारावरून बारीक शीळ ऐकू येत होती. पूनमने ऐकली का ते माहीत नाही. तिचा दिवा कुठेच थांबला नाही.

मोरीपाशी रस्ता सगळ्यात वाईट आहे. आधी तिचा दिवा वर-खाली झाला. मग मागचा खड्ड्यात उतरला. मी श्वास धरून मोजू लागलो. एक, दोन, तीन.

विझला नाही. तसाच जळत पुढे गेला.

दोन्ही दिवे दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो. उजाडल्यावर घरी आलो. केराबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "गेली का नीट?"

"नीट गेली."

जुना दिवा फोटोखाली ठेवलेला आहे, त्यात सेल नाहीत. तो जागेवर आहे की नाही, हे मी वळून पाहिले नाही.